एजंट म्हणतो 'सिंक झालंय', तेव्हा या चुका टाळा

डॅशबोर्डवरचा आकडा कमी वाटतो, म्हणून तुम्ही एआय एजंटला (स्वतः टूल चालवून उत्तर देणाऱ्या सहायकाला) विचारता, "ऑर्डरचा डेटा वेअरहाउसमध्ये आला का?" एजंट सिंक स्टेटसचं, म्हणजे डेटा मूळ ठिकाणाहून वेअरहाउसमध्ये (विश्लेषणासाठीच्या साठ्यात) पोहोचला का ते पाहणारं, टूल चालवतो आणि छातीठोकपणे सांगतो, "हो, सिंक यशस्वी झालंय." प्रत्यक्षात कालपासून एकही ओळ आलेली नसते. यात एजंटने काही मनचं सांगितलेलं नाही. टूलने 'सक्सीडेड' म्हटलं, ते त्याने पुढे केलं. जॉब संपला एवढंच टूलला ठाऊक होतं. टँकर येऊन गेला म्हणजे टाकी भरलीच असं नाही.

म्हणून टूलकडून शेरा मागू नका, नोंदी मागा: डेटामधल्या सर्वांत ताज्या ओळीची वेळ, तपासणी केली ती वेळ, शेवटच्या फेरीत किती ओळी हलल्या. 'ओके' या एका शब्दावर एजंट काय तर्क करणार?

सर्वांत जास्त फसगत लॅग, म्हणजे प्रत मूळ डेटापेक्षा किती मागे आहे, ते मोजताना होते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'प्रायमरी' म्हणजे मूळ डेटाबेस आणि 'रेप्लिका' म्हणजे त्याची सतत अद्ययावत होणारी प्रत. रेप्लिकावर बहुतेक जण आत्ताच्या वेळेतून शेवटच्या लागू झालेल्या ट्रान्झॅक्शनची वेळ वजा करतात. दिवसा हे ठीक चालतं. रात्री ११ नंतर प्रायमरीवर काही लिहिलंच गेलं नाही, तर पहाटे ३ वाजता हाच हिशेब चार तासांचा लॅग दाखवतो. रेप्लिका पूर्ण ताजी असते, पण एजंट 'गंभीर बिघाड' असा अहवाल देऊन मोकळा होतो.

यावरचा प्रचलित उतारा असा: रेप्लिकाला मिळालेला आणि तिच्यावर लागू झालेला एलएसएन (बदलांच्या नोंदवहीतला स्थानक्रमांक) सारखे असतील तर लॅग शून्य धरायचा. हा उतारा दुखण्यापेक्षा वाईट आहे. प्रायमरीशी असलेलं कनेक्शन तुटलं की नवीन काही येतच नाही, दोन्ही एलएसएन जुळलेलेच राहतात आणि टूल अखंड शून्य दाखवत बसतं. खोट्या धोक्यापेक्षा खोटी शांतता महाग पडते. त्यापेक्षा प्रायमरीवर एक छोटं हार्टबीट टेबल ठेवा, त्यात दर मिनिटाला वेळ लिहा आणि रेप्लिकावर तीच वेळ वाचा. दोन्हींत जे अंतर दिसेल तो लॅग. शिवाय प्रायमरीवर 'पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन' (जोडलेल्या रेप्लिकांची यादी) पाहा. तिथे त्या रेप्लिकाची ओळच नसेल, तर लॅगची चर्चा व्यर्थ आहे.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये घोळ 'नल'चा, म्हणजे रिकाम्या मूल्याचा, होतो. रेप्लिकेशन थांबलेलं असलं की 'सेकंड्स_बिहाइंड_सोर्स' हा रेप्लिका किती सेकंद मागे आहे ते सांगणारा रकाना नल येतो, आणि पायथनमध्ये लिहिलेलं 'व्हॅल्यू ऑर ० ' त्याचं बिनबोभाट शून्य करून टाकतं. म्हणजे बंद पडलेली रेप्लिका सर्वांत निरोगी दिसते! ८.०.२२ पासून 'शो रेप्लिका स्टेटस' ही नवी कमांड आली आणि रकान्याच्या नावातला 'मास्टर' जाऊन 'सोर्स' आला. जुनं नाव शोधणाऱ्या आणि ते न सापडल्यास ० धरणाऱ्या कोडचंही तेच होतं. डिफॉल्ट मूल्य शून्य नको, 'अज्ञात' हवं.

एरर गिळणं हा त्याचाच भाऊ. डेटाबेसशी संपर्क झाला नाही, कोडने एक्सेप्शन पकडलं आणि रिकामी यादी परत केली. एजंट वाचतो: 'कोणतीही अडचण नाही'. एमसीपीत (एजंटला टूल जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीत) टूलच्या निकालातच चुकीची खूण करण्याची सोय आहे, ती वापरा आणि सोबत कारण साध्या वाक्यात द्या.

वेळेत ठीक साडेपाच तासांचा फरक दिसला, तर रेप्लिकेशन तपासत बसू नका. एकीकडे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि दुसरीकडे भारतीय वेळ आहे, आणि टाइमस्टॅम्पवर झोन लिहिलेला नाही. उलट दिशेने झालं तर लॅग उणे येतो. 'उणे म्हणजे धोका नाही' असा अर्थ एजंटने लावला, तर साडेपाच तासांपर्यंतचा खरा लॅग त्यात झाकून जातो.

'अपडेटेड_ॲट'वर (ओळ शेवटची बदलल्याच्या वेळेवर) चालणारं इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेल्या ओळी आणणारं, सिंक डिलीट झालेल्या ओळी पाहतच नाही, हे टूलच्या वर्णनातच लिहून ठेवा. ओळींची संख्या जुळली म्हणून मजकूर जुळला असंही नव्हे.

टूलचं चांगलं उत्तर साधारण असं दिसतं: 'स्थिती: मागे. ताजी ओळ: ०९:१२ यूटीसी. तपासलं: ०९:४० यूटीसी. मागच्या फेरीतील ओळी: ०. टीप: सोर्समध्ये नवीन ओळी आहेत.' तपासल्याची वेळ असली की लांबलेल्या संभाषणात एजंट तासाभरापूर्वीचं उत्तर ताजं समजून वापरत नाही. जॉब 'रनिंग' असेल तर 'पुढची तपासणी ५ मिनिटांनी' असंही सांगा, नाहीतर तो दर दोन सेकंदांनी तेच विचारत टोकन (एआयच्या वापराचं माप) जाळतो.

स्टेटस पाहणाऱ्या टूलला फक्त वाचण्याचा अधिकार द्या. पोस्टग्रेसमधला निष्क्रिय रेप्लिकेशन स्लॉट (ग्राहक प्रक्रियेने अजून न वाचलेले बदल तिच्यासाठी राखून ठेवणारी सोय) प्रायमरीची डिस्क भरत नेतो. आवृत्ती १३ पासून त्यावर मर्यादा घालता येते, पण ती ओलांडली की स्लॉट निकामी होऊन सगळी कॉपी पहिल्यापासून करावी लागू शकते. त्यामुळे स्लॉटचा 'वॉल_स्टेटस' (राखलेल्या नोंदींची स्थिती) टूलने जरूर कळवावा. स्लॉट काढायचा की ग्राहक प्रक्रिया पुन्हा सुरू करायची, हे ऑन-कॉल (त्या वेळी जबाबदारीवर असलेल्या) माणसाने ठरवावं. एजंटच्या दृष्टीने दोन्हींनी डिस्क मोकळी होते, पण पहिल्यात रात्रभराची कॉपी मागे लागते.