केळीच्या पानांवरचा प्रोजेक्ट: आधी बागा ठरवा, मग कोड

रावेर-यावलकडच्या केळीचा करपा (पानांवर डाग पाडणारा रोग) फोटोवरून ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचा प्रोजेक्ट घेताय? दोनच वर्ग ठेवा: करपा आणि निरोगी. चार बागा निवडा, प्रत्येकीतून दोन्ही प्रकारची पानं घ्या. वाऱ्याने फाटलेली पण रोग नसलेलीसुद्धा. फोटोच्या नावातच बाग आणि झाड लिहा, ‘बाग२_झाड१४’ असं.

याचं कारण फार महत्त्वाचं आहे. एकाच पानाचे फोटो ट्रेनिंग (मॉडेलला, म्हणजे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवायचे फोटो) आणि टेस्ट (त्याची परीक्षा घ्यायचे फोटो) दोन्हीकडे गेले, की अचूकता भरमसाट दिसते. मॉडेलने ते पानच पाठ केलेलं असतं. म्हणून एक अख्खी बाग टेस्टसाठी बाजूला काढा आणि शेवटपर्यंत तिला हात लावू नका.

मॉडेल म्हणून आधीच शिकलेलं मोबाइलनेट (फोटो ओळखणारं हलकं, तयार मॉडेल) पुरे. लेबल लावताना, म्हणजे कोणता फोटो करप्याचा आणि कोणता निरोगी हे ठरवताना मात्र बागवाल्या काकांना शेजारी बसवा.