मुलींचे रॉक संगीत शिबिर भरवताना या चुका टाळा

अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात २००१ च्या उन्हाळ्यात खास मुलींसाठी रॉक शिबिर भरले आणि त्याची घडण पुढे अनेक शहरांनी उचलली. वाद्य कधीही हातात न धरलेल्या शाळकरी मुली आठवडाभरात बँड जमवतात, स्वतःचे एक गाणे रचतात आणि शेवटच्या दिवशी ते लोकांसमोर वाजवतात. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत असे शिबिर घेणाऱ्यांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: मुलगी जरा अडली की मोठी माणसे तिच्या हातातले काम काढून घेतात.

ॲम्प्लिफायरमधून आवाज येत नाही, हा पहिल्या दिवशीचा ठरलेला प्रसंग. अशा वेळी धावत जाऊन केबल खोचू नका. गिटारवरचे आवाजाचे बटण उघडे आहे का, केबल दोन्ही टोकांना नीट बसली आहे का, ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर तर नाही ना, आणि तरीही काही ऐकू येत नसेल तर दुसरी केबल लावून पाहायची, हा क्रम तिला शिकवा आणि पाच मिनिटे वाया गेली तरी चालतील असे ठरवा. माइक शिट्टी मारू लागला, तर तो स्पीकरच्या समोर आला आहे का, हेही तिलाच शोधू द्या.

दुसरी चूक म्हणजे वाद्य मापाचे नसताना दोष मुलीला देणे. एका शिबिरात दहा वर्षांची मुलगी ड्रमवर बसली होती, ठेका सारखा तुटत होता आणि ‘मला नाही जमत, ताई’ असे म्हणून तिने काठ्या खाली ठेवल्या. मी तिच्या हाती खंजिरी दिली, याचे मला आजही वाईट वाटते, कारण दुसऱ्या दिवशी नीट पाहिले तेव्हा कळले की स्टूल मोठ्यांच्या उंचीचे होते आणि तिची टाच जमिनीला टेकतच नव्हती. स्टूल खाली घेतले, पेडल जवळ ओढले आणि तिचा ठेका धरला गेला. गिटारचेही तसेच आहे. लहान हातांना तीन-चतुर्थांश मापाची गिटार द्या आणि सुरुवात ‘पॉवर कॉर्ड’ या सोप्या स्वरमेळाने करा, कारण त्यात मूळ स्वर आणि पंचम एवढेच, म्हणजे तानपुऱ्यातले सा आणि प, दोन बोटांत येतात. गाणे गाणारीला चढत असेल, तर तिला जोर लावायला सांगण्यापेक्षा बोटांचा तोच आकार दोन पडदे खाली सरकवून पट्टी उतरवा.

तालमीत आवाजाची चढाओढ हमखास लागते. ड्रमचा आवाज फारसा कमी करता येत नाही, म्हणून गिटार त्याच्या बेताने लावा आणि गाणे त्याच्यावर ऐकू येईल इतकेच सगळे ठेवा. कामगारांसाठीच्या अमेरिकी शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा आहे, आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ती निम्मी होते आणि १०० डेसिबलला जेमतेम पाव तास उरतो. मुलींच्या कानांत इअरप्लग असलेच पाहिजेत.

गाण्याचे शब्द सुधारू नका. यमक जुळत नसेल तर नसू द्या, कारण ताईंनी दुरुस्त केलेली ओळ मुलगी चाचरत गाते आणि स्वतःची ओळ ठणकावून गाते.

चुकल्यावर ‘सॉरी’ न म्हणता ‘आय रॉक’ म्हणायचे, अशी या शिबिरांतली एक प्रथा आहे आणि ती मला मोलाची वाटते, पण तिला तालमीची जोड हवी. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मुद्दाम एकीला मध्येच गळायला सांगा. ड्रमरने ठेका सोडायचा नाही, बाकीच्यांनी मागे वळून पाहायचे नाही आणि गळालेलीने पुढच्या समेवर येऊन मिळायचे. प्रत्येकीची पाळी येईपर्यंत हे करा, ड्रमरचीसुद्धा.