पिल्लाचे पाय फाकले असतील तर पहिले दोन दिवस वाया घालवू नका

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या नागपूरच्या हुडकेश्वरमधल्या घरी अंडी उबवायच्या मशीनमधून कोंबडीची अकरा पिल्लं निघाली. त्यातल्या एकाचे दोन्ही पाय बाजूला पसरलेले, पोट जमिनीला टेकलेलं. सासूबाई बघून म्हणाल्या, "याचे पाय त बेडकावाणी फाकले, हे नाही वाचत बाई." ते वाचलं, चौथ्या दिवशी धावलंसुद्धा. म्हणून हे लिहिते आहे.

अंड्यातून निघाल्या निघाल्या सगळीच पिल्लं लडखडतात. अंग वाळून पंख फुलेपर्यंत थांबा. त्यानंतरही उभं राहताना पाय घसरत असतील, तर मात्र त्याच दिवशी हात लावा. या वयात हाडं आणि सांधे मऊ असतात. आठवड्याभरानं हेच काम फार कठीण होतं.

लागतं काय, तर मेडिकलमधली जखमेची चिकटपट्टी. ती लांबीत मधून कापून अर्धी करा. पिल्लू मऊ फडक्यात गुंडाळून कुणाला तरी धरायला द्या. पट्टीचा गादीचा भाग दोन पायांच्या मध्ये येईल असं ठेवून एकेक टोक पायाभोवती गुंडाळायचं, मागे वळणाऱ्या सांध्याच्या खाली. दोन पायांत साधारण दोन सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे पाय सरळ अंगाखाली येतात. फार जवळ बांधले तर पिल्लू तोंडावर पडतं. पाय थंड किंवा सुजलेले वाटले की पट्टी लगेच सैल करा. मी रोज सकाळी पट्टी बदलत होते. काढताना बोटानं खोबरेल तेल लावलं की कातडी ओढली जात नाही. दोन ते चार दिवस पुरतात.

बांधलेल्या पिल्लाला नागपूरच्या उन्हाळ्यात जास्त जपावं लागतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ अंश ऊब हवी, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी आमची खोलीच त्याच्या वर जाते. मोकळी पिल्लं उबेसाठी लावलेल्या बल्बपासून दूर पळतात, बांधलेलं पळू शकत नाही. म्हणून दिवसा बल्ब बंद, रात्री गरज पडली तरच चालू. कूलरचा झोत अंगावर नको. पाण्याच्या झाकणात धुतलेले खडे टाका, नाहीतर तोंड बुडून पिल्लू जातं. बाकीची त्याला तुडवतात, म्हणून वेगळ्या खोक्यात ठेवा, पण शेजारीच, आवाज ऐकू येईल असं. एकटं पडलं तर खात नाही.

आमच्याकडे कारण सरळ होतं. खोक्यात मी वर्तमानपत्र अंथरलं होतं, आणि कागदावर कोवळे पाय घसरतात. आता पहिले तीन-चार दिवस बारदानाचा तुकडा, मग धानाचा तूस. मशीनमधलं तापमान वरखाली झालं, तरीही पाय बिघडतात. ते ३७.५ अंशांवर स्थिर हवं, आणि शेवटचे तीन दिवस ओलावा ६५ ते ७० टक्के. आपल्याकडची कोरडी हवा लक्षात घेता पाण्याची वाटी रोज बघावी लागते.

बोटं आत मुडपलेली असतील तर प्रकरण वेगळं. त्यामागे बहुतेकदा बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लं वाढवू नका, स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचं तयार खाद्यच द्या. बी-कॉम्प्लेक्स पाण्यात रोज ताजं मिसळा आणि ते पाणी उन्हात ठेवू नका, कारण बी-२ उजेडानं नासतं. बोटं सरळ करून जाड कागदाच्या छोट्या तळव्यावर मऊ टेपनं चिकटवा. हा बूट एक-दोन दिवस पुरतो. ही बोटं सुधारायला जितकी सोपी, तितकाच पुढचा प्रकार अवघड.

सांधा सुजलेला, चपटा, पाय एका बाजूला वळलेला, म्हणजे सांध्यामागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) खोबणीतून सरकलेली. ती घरी ओढाताण करून बसवू नका. दुखतं फार, आणि पिल्लू ओरडून ओरडून थकतं. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. खाद्यात मँगनीज आणि कोलीन कमी पडलं की हे होतं, त्यामुळे उरलेल्या पिल्लांचं खाद्य तपासा.

आमचं ते पिल्लू आता अंडी देतं. त्याची अंडी मी मशीनमध्ये ठेवत नाही, खायलाच वापरते. एकदा वाकलेल्या पायाची पुढची पिढी वाढवायची मला इच्छा नाही.