मॅक्सिमामध्ये बैजिक राशींचे सुलभीकरण

सांगली-मिरजेतील विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बैजिक राशींच्या सुलभीकरणासाठी मॅक्सिमा ही मोफत संगणकप्रणाली अवश्य वापरावी. १९६८ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सुरू झालेल्या मॅकसिमा (Macsyma) या पूर्वसुरी प्रणालीपासून ती विकसित झाली आहे.

राशी लिहिताना गुणाकाराचे चिन्ह, म्हणजे तारांकन (*), कधीही गाळू नये आणि प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अर्धविराम (;) द्यावा. उदाहरणार्थ, (क्ष² − ९) ÷ (क्ष² − ५क्ष + ६) ही राशी ‘रॅटसिम्प’ (ratsimp) या आज्ञेच्या कंसात दिल्यास अंश व छेदातील सामाईक अवयव जाऊन (क्ष + ३) ÷ (क्ष − २) असे उत्तर मिळते. येथे विशेष सावध राहावे, कारण मूळ राशीत क्ष = ३ ठेवल्यास छेद शून्य होतो, परंतु सुलभ रूपात त्याच किमतीला ६ हे उत्तर येते आणि प्रणाली ‘क्ष ≠ ३’ ही अट आपणहून सांगत नाही; ती विद्यार्थ्यानेच वहीत नोंदवली पाहिजे.

कोणते रूप ‘सोपे’ हे कामावर ठरते. (क्ष + १)²⁰ या राशीवर ‘रॅटसिम्प’ चालवल्यास २१ पदांचा विस्तार समोर येतो, म्हणून अवयव हवे असतील तेव्हा ‘फॅक्टर’ (factor) हीच आज्ञा योग्य. त्रिकोणमितीय राशींसाठी ‘ट्रिगसिम्प’ (trigsimp) ही आज्ञा आहे.

पहिल्या उदाहरणाचे उत्तर पडताळण्यासाठी मूळ व सुलभ अशा दोन्ही रूपांत क्ष = ५ ठेवून पाहावे; दोन्हीकडे ८/३ आले पाहिजे.