घरात गुन्हा घडलाय? मग पोछा, फिनेल आधी लांब ठेवा : या चुका टाळा

आपल्याकडे घरात काही भयंकर घडलं की पोलिसांच्या आधी शेजारपाजारची माणसं बादली घेऊन पोचतात. हेतू वाईट नसतो, घरच्यांना ते रक्त बघवत नाही, लहान पोरं असतात, पोलीस कधी येतील कोण जाणे. पण केसची वाट लागायला सुरुवात तिथेच होते, कारण बऱ्याचदा गुन्हा करणारा पण तेच करून गेलेला असतो, ब्लीच ओतलेलं असतं, फरशी पुसलेली असते, आणि त्याने केलेली ती पुसापुशी हाच एक पुरावा असतो. म्हणजे बघा, सगळ्या खोलीत धूळ आणि कपाटासमोरच्या दोनच फरश्या लखलखीत, किंवा बेडरूममध्ये, जिथे कोणी कधी ब्लीच नेत नाही, तिथे ब्लीचचा उग्र वास. आता यावर आपण आपला पोछा फिरवला की त्याचं पुसलेलं कुठलं आणि आपलं कुठलं, सांगा बरं.

सिरियल बघून लोकांना वाटतं की काय फरक पडतो, फॉरेन्सिकवाले येतील, तो निळा स्प्रे मारतील आणि सगळं चमकेल. तो स्प्रे म्हणजे ल्युमिनॉल. गुन्ह्याच्या तपासात तो वापरायचं 1937 मध्ये वॉल्टर श्पेश्ट नावाच्या जर्मन माणसाने सुचवलं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं लोह ती रिॲक्शन घडवून आणतं आणि अंधारात साधारण अर्धा मिनिट निळसर उजेड दिसतो, तेवढ्यात फोटो काढायचा. पण गोची अशी की ब्लीचमुळे पण ल्युमिनॉल चमकतं, तांब्यामुळे चमकतं, काही भाज्यांच्या रसाने पण. म्हणून नुसतं चमकलं म्हणजे रक्त असं कुठलीच लॅब म्हणत नाही, तो फक्त इशारा, पुढे रक्त आहे का, माणसाचं आहे का, कोणाचं आहे, या टेस्ट वेगळ्या कराव्या लागतात. गुन्हेगाराने एका कोपऱ्यात ब्लीच टाकलं असेल तर तो कोपरा उठून दिसतो, तज्ज्ञाला तेवढं पुरतं. पण काकूंनी अख्खा हॉल ब्लीचने धुतला तर अख्खा हॉल चमकणार! मग कोपरा शोधायचा कुठून?

घटनास्थळ धुतल्याने काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. 27 डिसेंबर 2007 ला रावळपिंडीत बेनझीर भुट्टोंची हत्या झाली आणि पावणेदोन तासांच्या आत अग्निशमन दलाच्या पाइपने तो रस्ता धुऊन काढला. 2010 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात यावर सडकून टीका आहे, हजारोंनी सापडायला हव्या होत्या तिथे पुराव्याच्या जेमतेम 23 वस्तू गोळा झाल्या. देशाच्या माजी पंतप्रधानाच्या केसमध्ये ही गत, तर आपल्या सोसायटीतल्या फ्लॅटचं काय घेऊन बसलात.

दुसरी चूक म्हणजे सामान आवरणं. मोरीतली ओली बादली, पोछा, अर्धी फिनेलची बाटली, वापरलेले हातमोजे, हे सगळं आपल्याला कचरा दिसतो आणि आपण घंटागाडीत देऊन मोकळे होतो. हात लावू नका. बाटलीवर ठसे असू शकतात, बादलीतलं पाणी तर अजिबात ओतू नका. रक्ताचे कपडे पोलीस येईपर्यंत जिथे आहेत तिथेच राहू द्या, आणि हलवायलाच लागले तर कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. धुवायचे तर नाहीतच.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत हेच शरीराला लागू होतं, आंघोळ न करता, कपडे न बदलता दवाखान्यात जाणं चांगलं. पण आंघोळ झाली असेल तर आता काय उपयोग म्हणून घरी बसू नका, तरीही जा, तपासणीत बरंच काही मिळू शकतं आणि उपचार तर लागतातच. हे उपचार सरकारी असो की खासगी, कुठल्याही हॉस्पिटलने फुकट आणि लगेच द्यायचे असा कायदा आहे.

एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवाच. बंद बाथरूममधून डोळ्यांना, घशाला झोंबणारा वास येत असेल तर पुरावा बिरावा विसरा, माणसं बाहेर काढा, बाहेर या आणि 112 ला फोन करा. टॉयलेट क्लीनरमधलं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो, तो जिवावर बेततो. जखमी माणसाला उचलताना रक्तात पाय पडला तरी पडू दे, फक्त नंतर पोलिसांना तसं सांगा.

आणि आधीच पुसून झालं असेल तर? लपवू नका. ही सगळ्यात महागात पडणारी चूक, लोक घाबरतात की आता आपल्यावरच शेकणार. भारतीय न्याय संहितेचं कलम 238 पुरावा नष्ट करण्याबद्दल आहे खरं, पण त्यात गुन्हेगाराला वाचवायचा हेतू लागतो, भाबडेपणाने फरशी पुसली म्हणून नव्हे. कोणी पुसलं, किती वाजता, कुठून कुठपर्यंत, कशाने, पोछा कुठे आहे, हे सरळ सांगून टाका, बाटली दाखवा, म्हणजे तज्ज्ञांना तुमचा भाग वेगळा काढता येतो. तपास कसा करायचा हे सांगणाऱ्या, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 7 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर यायचंय, राज्यांना त्यासाठी 5 वर्षांपर्यंत मुदत आहे. तेव्हा टीम येणार का, हे ठाण्यात स्पष्ट विचारा आणि तोवर खोलीला कुलूप लावून किल्ली एकाकडेच ठेवा.

पंचनामा झाला, नमुने मुंबईतल्या कलिनाच्या किंवा जवळच्या विभागीय फॉरेन्सिक लॅबला गेले, तरी आता साफ करू का हे तपास अधिकाऱ्याला विचारूनच करा, जमलं तर लेखी घ्या. मग हातमोजे घालून, खिडक्या उघडून, आणि एका वेळी एकच क्लीनर.