मिनेसोटाच्या जत्रांत मिनी डोनटचा गाडा: नव्याने उतरणाऱ्यांसाठी

मी मिनेसोटात मिनी डोनटचा ट्रेलर चालवते. उन्हाळा जवळ आला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारायला येतं, आणि बोलणं पहिल्या मिनिटाला पाककृतीवर जातं. मी मात्र आधी व्हिसा विचारते.

एच-१बी, म्हणजे कंपनीने काढलेल्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला त्या नोकरीखेरीज दुसरं काम करता येत नाही. बायकोच्या गाड्यावर शनिवारी गल्ला सांभाळणं, डोनट साखरेत घोळवून देणं हेही काम धरलं जाऊ शकतं, एक पैसा घेतला नाही तरी. एच-४, म्हणजे त्याच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या जोडीदाराला २०१५ पासून कामाचा परवाना मिळू शकतो, पण एच-१बी वाल्याचा आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज) मंजूर झालेला हवा किंवा सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली हवी. त्या परवान्यावर स्वतःचा धंदाही करता येतो; मी त्याच वाटेने यात आले. एच-४ वरच्या मुलांना हा परवाना नाही, तेव्हा ‘सुट्टीत मुलं मदतीला आहेतच’ हे डोक्यातून काढून टाका. वकिलाला एकदा पैसे मोजा आणि सगळं लेखी घ्या. परवान्याची मुदत ऐन जुलैत संपत नाही ना, तेही बघून ठेवा. घरच्या सगळ्यांचं इथलं राहणं या कागदावर आहे. डोनटसाठी ते पणाला लावू नये.

आता पैशाचं. बारा डोनटची पिशवी मी आठ डॉलरला विकते. पीठ, तेल, साखर आणि पिशवी मिळून खर्च एका डॉलरच्या आत बसतो. एवढंच ऐकून लोक हुरळतात. एका बऱ्या शनिवारी २०० पिशव्या गेल्या असं धरा: गल्ल्यात १६०० डॉलर. जत्रेवाले कुठे ठोक भाडं घेतात, कुठे विक्रीवर टक्का. २५ टक्के मागणारेही आहेत, म्हणजे ४०० गेले. मिनेसोटाचा विक्रीकर ६.८७५ टक्के, तो किमतीतच धरला असेल तर आणखी १०३. माल २००. दोन मदतनीस दहा तास, ताशी १५ डॉलरने ३००. उरले सहाशेच्या आत, आणि त्यातून विमा, गाड्याच्या परवान्याची फी, गाडीचं इंधन आणि यंत्राचा हप्ता. पावसाचा शनिवार यात धरलेलाच नाही. माल स्वस्त, जागा महाग असा हा धंदा आहे.

म्हणून जागा निवडण्यातच खरी कमाई आहे. लेबर डेला (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी) संपणारी बारा दिवसांची स्टेट फेअर, म्हणजे राज्याची मोठी जत्रा, १८५९ पासूनची, आणि मिनी डोनट तिथल्या आवडत्या खाण्यांपैकी एक. पण तिथे नव्याला जागा मिळणं फार अवघड, ते स्वप्न पहिली काही वर्षं बाजूला ठेवा. आपल्यासाठी काउंटी फेअर (जिल्ह्याच्या जत्रा), छोट्या गावांचे उन्हाळी उत्सव आणि शाळांचे सामने. अर्ज हिवाळ्यातच करायचे, मे उजाडल्यावर चांगलं काही उरत नाही. आयोजकांशी बोलताना मी पहिल्यांदा विचारते की डोनटवाला एकच ठेवणार की आणखी कुणी आहे. दोघांत वाटणी झाली की वरचं सगळं गणित कोसळतं. मग वीज: किती ॲम्पियर, कुठला सॉकेट, माझ्या जागेपासून किती लांब. आणि वाऱ्याची दिशा. ट्रेलरची खिडकी वाऱ्याकडे तोंड करून असेल तर तेल सारखं थंड होतं आणि साखर गिऱ्हाइकाच्या अंगावर उडते. तळणीचा वास रस्त्याकडे जाईल अशी जागा मिळाली तर फलकाची फारशी गरज पडत नाही.

यंत्राबद्दल सविस्तर सांगते, कारण माझा जीव त्यातच रमतो. मिनेसोटातल्या लिल ऑर्बिट्सची आणि वॉशिंग्टन राज्यातल्या बेलशॉची यंत्रं या धंद्यात जुनी आहेत. लिल ऑर्बिट्सचं लहान यंत्र तासाला १२०० डोनट काढतं, म्हणजे १०० पिशव्या. माझ्या ट्रेलरात दोघीजणी सत्तरच्या पुढे क्वचित जातो, कारण पिशव्या भरणं आणि पैसे घेणं यंत्राच्या वेगाने होत नाही. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा जरा घट्ट हवं. वरच्या नळकांड्यातून एकेक कडं तेलात पडतं, क्षणभर बुडतं, वर येतं, तरंगत अर्ध्या वाटेवर पोचलं की पाती त्याला उलटते आणि जेमतेम दीड मिनिटात ते बाहेर पडतं. तेल १९० अंश सेल्सियसच्या आसपास हवं. कमी झालं तर डोनट तेल पितो, जास्त झालं तर वरून लाल आणि आत कच्चा. नळकांड्यातलं पीठ फार खाली जाऊ देऊ नका, कडी लहान पडायला लागतात. दमट दिवशी पाणी थोडं हात राखून घाला. साखर-दालचिनी डोनट कढत असतानाच चिकटते, आणि पिशवीचं तोंड उघडंच द्यायचं. बंद केलं की वाफेने पाच मिनिटांत लगदा. तेलातला चुरा मी सतत गाळत राहते, कारण जळका चुरा पुढच्या प्रत्येक घाण्याची चव नासवतो.

भिजवलेल्या पिठात दूध-अंडं असतं, म्हणून ते थोडं थोडंच भिजवावं आणि उरलेलं टाकून द्यावं. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात खिडकीशी पहिला प्रश्न ‘अंडं आहे का?’ हाच येतो. तयार मिश्रणांत बहुतेक वेळा असतंच. बिनअंड्याचं मिश्रण मिळतं, पण ते वेगळ्या दिवशी, धुतलेल्या यंत्रात आणि ताज्या तेलातच चालवायचं. विचारणाऱ्या आजींचा आपल्यावर विश्वास असतो, त्याला तडा जाईल असं उत्तर देऊ नका. वेलदोड्याची साखर आपल्या लोकांत हातोहात खपते. काउंटी फेअरला मात्र मी दालचिनीच ठेवते.

ट्रेलर विकत घेण्याआधी आराखडा मंजूर करून घ्या. मिनेसोटाचा आरोग्य विभाग किंवा त्याने अधिकार दिलेलं स्थानिक कार्यालय ते बघतं: भांड्यांसाठी तीन कप्प्यांचं सिंक, हात धुवायला वेगळं, सांडपाण्याची टाकी चांगल्या पाण्याच्या टाकीपेक्षा मोठी. दुसऱ्या राज्यातून स्वस्तात आणलेला ट्रेलर इथल्या तपासणीत अडकला तर नळजोडणी आणि सिंक बदलण्यातच स्वस्ताई संपते. तळणीसाठी के वर्गाचं, म्हणजे तेलाच्या आगीसाठीचं अग्निशामक नळकांडं लागतं. जत्रेवाले दहा लाख डॉलरच्या विम्याचं प्रमाणपत्र मागतात, त्यावर त्यांचंही नाव घालून घ्यावं लागतं.

ऑक्टोबरात पहिली कडक थंडी पडण्याआधी टाक्या, नळ, पंप सगळं रिकामं करा. आत पाणी राहिलं तर गोठून नळ फुटतात आणि ते मे महिन्यात, पहिल्या उत्सवाच्या आदल्या दिवशी कळतं. पहिल्या हंगामात ट्रेलर शक्यतो भाड्याने घ्या, आणि जमलं तर त्याआधी एखाद्या जुन्या गाडेवाल्याकडे पगारावर काम करा, अर्थात कामाचा परवाना हातात आल्यावरच. दिवसभर तापल्या तेलापाशी उभं राहवतं का आणि रात्री अकराला यंत्र घासायचा उत्साह उरतो का, हे तिथे आठवड्याभरात समजतं.