घरच्या कॉम्प्युटरवर टीव्ही रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

रेकॉर्डिंग फसलं की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर बदलून बघतात. खरी चूक बऱ्याचदा त्याआधीच झालेली असते, कार्ड घेताना नाहीतर डिस्क फॉरमॅट करताना.

टीव्हीचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घेणारी जुनी टीव्ही ट्यूनर कार्डं सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळतात, पण ॲनालॉगसाठी बनलेलं कार्ड आजच्या डिजिटल केबलवर काहीच पकडत नाही. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर कॅप्चर कार्डात खोचली, तरी एचडीसीपी या कॉपी रोखणाऱ्या संरक्षणामुळे अनेकदा पडदा काळाच राहतो. सरळ रस्ता म्हणजे डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा. जीसॅट-15 उपग्रहाकडे, म्हणजे 93.5 अंश पूर्वेकडे वळवलेली छत्री आणि छत्रीचा सिग्नल घेणारं डीव्हीबी-एस2 ट्यूनर कार्ड घ्या. महिन्याचं भाडं नाही आणि सह्याद्री वाहिनी त्यात आहेच. खोक्यावर ‘एस2’ आहे की ‘टी2’ हे मात्र नीट वाचा. टी2 साध्या ॲन्टेनासाठी असतं, छत्रीला चालत नाही.

नुसतं कोडी हे सॉफ्टवेअर टाकून रेकॉर्डचं बटण शोधत बसू नका. कोडी दाखवायचं काम करतं. रेकॉर्डिंगसाठी त्याच्यामागे टीव्हीहेडएंड किंवा नेक्स्टपीव्हीआर हे रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर लागतं.

सगळ्यात जास्त हळहळ लावणारी चूक फाइलची. डिस्क एफएटी32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही. साधी वाहिनी सेकंदाला 4 मेगाबिटने येत असेल तर तासाला 1.8 जीबी लागतात. म्हणजे तीन अंकी नाटक लावून ठेवलंत तर तिसरा अंक अर्धवट तुटणार. डिस्क एनटीएफएस (विंडोजवर) किंवा ईएक्सटी4 (लिनक्सवर) अशी फॉरमॅट करा. शिवाय थेट एमपी4 मध्ये रेकॉर्ड करू नका. एमपी4 ची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली की अख्खी फाइल उघडत नाही. प्रक्षेपण ज्या रूपात येतं तीच टीएस फाइल 188 बाइटच्या सुट्या पॅकेटांची असते, त्यामुळे लाइट जाईपर्यंतचं सगळं दिसतं. टीव्हीहेडएंडमध्ये आलेला प्रवाह जसाच्या तसा टीएसमध्ये साठवणारं ‘पास’ प्रोफाइल निवडलं की झालं. नंतर हवं तर सावकाश एमपी4 करा.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये वेक टायमर चालू ठेवा, नाहीतर झोपलेला कॉम्प्युटर वेळेला उठत नाही. कार्यक्रमाच्या आधी पाच आणि नंतर दहा मिनिटं जास्तीची धरा.

आणि हलणाऱ्या माणसांच्या कडा दातेरी दिसल्या म्हणून रेकॉर्डिंग पुसू नका. प्रक्षेपण इंटरलेस्ड, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी आळीपाळीने पाठवणारं असलं की असं दिसतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘डी’ दाबून डीइंटरलेस, म्हणजे त्या ओळी जुळवणं, चालू करा.